१४ जानेवारी : दुर्गा खोटे यांचा जन्म (१९०५)

सिनेमात काम करणं घरंदाज बाईला शोभत नाही, असं मानणारा तो काळ. मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यात जन्मलेल्या दुर्गाबाई सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, खोट्यांच्या घरची सून. ‘फरेबी जाल’मधल्या छोट्या भूमिकेवरून बोलणी खावी लागली, तरी १९३२ मध्ये ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त त्या तारामती झाल्या. पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करताच गायचं. हिंदी आवृत्तीतही त्याच. मग ‘अमरज्योती’तली (१९३६) सूड घेणारी सौदामिनी! आजही अशी भूमिका नायिकेच्या वाट्याला क्वचितच येते. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरी दोन मुलं. पण एकाच कंपनीच्या पगारावर बांधून न घेता त्या स्वतंत्रपणे काम करत राहिल्या. नव्या पिढीला त्या ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाई म्हणून आठवतात, नवरा आणि मुलगा यांच्यात सापडलेली आई. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.