दंडाकडून दिलाशाकडे

श्रोतेहो, काही गोष्टी नाव न घेता बोलायच्या, अशी आपल्याकडे रीत आहे. घरात कोणी फार खचलेला दिसला, तर माणसे हळूच म्हणतात, "लक्ष ठेवा हो त्याच्यावर, जिवाचं काही बरंवाईट करून घेईल." आत्महत्या हा शब्द तोंडातून निघत नाही. त्यामागे दुःख असते, लाज असते; आणि तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे भीती. ही भीती आली कोठून, आणि आता ती टाकून का द्यावी, एवढेच आज सांगायचे आहे.

मी सातवीत असतानाची गोष्ट. आमच्या आळीतल्या एका कर्त्या माणसाने रात्री तसा प्रयत्न केला. घरच्यांना वेळीच कळले. पण त्याला गाडीत घालण्याआधी वडीलधारी मंडळी ओट्यावर वाद घालीत बसली. "दवाखान्यात नेलं की पोलीस केस होईल." "मग काय घरीच ठेवता?" या बोलाचालीत बराच वेळ गेला. तो वाचला, हे दैव. पुढे मी इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या रात्री ओट्यावर गावच्या माणसांबरोबर १८६० सालचा एक कायदाही येऊन बसला होता.

तो कायदा म्हणजे भारतीय दंड संहिता. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्या ३०९ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत साध्या कैदेची शिक्षा होती. आता विचार करा. गेलेल्या माणसाला कायदा काय शिक्षा करणार? म्हणजे शिक्षा कोणाला, तर जो सुदैवाने वाचला त्याला!

या कलमाचे मूळ इंग्लंडात होते. तिथे १८२३ पर्यंत अशा मृताला दफनभूमीत जागा नाकारून चव्हाट्यावर, रस्त्याखाली पुरण्याची चाल होती. त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा नियम तर १८७० पर्यंत टिकला. म्हणजे गेला तो गेलाच, वर विधवा आणि पोरे उघड्यावर. पुढे इंग्रजांनाच याची चूक उमगली आणि १९६१ साली त्यांनी हा गुन्हा आपल्या कायद्यातून काढून टाकला. आपल्याकडे मात्र त्यांनी दिलेले कलम तसेच राहिले.

इंग्लंडचे मन कसे पालटले, याच्या अनेक कारणांत एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्याला १९३५ साली लिंकन गावी पहिलाच अंत्यविधी करावा लागला, तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला काही घाणेरडा रोग जडला, असे समजून तिने जीव दिला. विचारायला जवळचे कोणी नव्हते. ही बोच त्या गृहस्थाला सोडीना. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या एका चर्चमध्ये टेलिफोन ठेवून त्याने खचलेल्या माणसांचे ऐकून घ्यायला सुरुवात केली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी साधी गृहस्थी माणसे मदतीला आली. आणि गंमत अशी, की त्या चहावाल्यांशी बोलूनच कित्येकांचे मन हलके होई! तेव्हा १९५४ साली त्याने ऐकण्याचे काम त्यांच्याच हाती सोपवले. सॅमॅरिटन्स ही संस्था ती हीच.

आता आपल्याकडे येऊ. १९७१ साली विधी आयोगाने हे कलम काढून टाका, असे सुचवले. १९७८ साली राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले. पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. मग १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. आरोपी कोण? तर अपघातानंतर मन आजारी झालेला मुंबईचाच एक पोलीस शिपाई. न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. पण १९९६ साली पाच न्यायमूर्तींनी तो निर्णय फिरवला आणि कलम पुन्हा उभे राहिले.

खरी कलाटणी मिळाली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता, असेच मुळात धरून चालावे. त्याला शिक्षा करू नये. त्याची काळजी घेणे, उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे हा कायदा सांगतो. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुने कलम घेतलेलेच नाही. मात्र सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न अजूनही गुन्हा आहे, हे सांगितले पाहिजे.

तेव्हा मंडळी, कायदा बदलला. आता ओटा बदलायचा आहे. असा प्रसंग आलाच, तर वाद नको, आधी दवाखाना. पोलिसांत नोंद होईल, होऊ द्या. उपचार अडत नाहीत. शेजारी गप्प गप्प राहू लागला, "आता माझं काय राहिलंय" असे बोलू लागला, तर सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले, याचा आधार वाटतो. उपदेश करू नका, ऐका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी औषधांवर बंदी घालत गेले, तर दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. तो घातकी क्षण टळला, की माणूस पुष्कळदा टिकतो. आणि शिक्षकांनो, निकालाच्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाला आधी जवळ घ्या.

टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री, फुकट, आणि मराठीतही बोलता येते.

आमच्या आळीतला तो माणूस घरी परतला, तेव्हा त्याच्या दारात कोणी जाईना. फक्त शेजारची एक म्हातारी रोज सांजेला त्याच्या ओट्यावर शेंगा निवडत बसे. पावसाचे, म्हशीचे, काहीबाही बोले आणि त्याचे ऐके. त्यानंतर तो बरीच वर्षे जगला, नातवंडे खेळवली. त्या म्हातारीला ना कायदा ठाऊक होता, ना लंडनचा पाद्री. तिने केले ते आपल्यालाही जमेल, एवढे सांगून आपली रजा घेतो.