ट्रोल

इंटरनेटवरील बोलीतील एक शब्द. इंग्रजीत मासेमारीच्या भाषेत चालत्या होडीमागून गळाची दोरी ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात (कोकण किनाऱ्यावरचा जाळे ओढणारा ट्रॉलर वेगळा). १९९० च्या दशकारंभी यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाव्यवस्थेच्या गटांत हा शब्द याच अर्थछटेने रुळला : जुने सदस्य मुद्दाम भाबडा प्रश्न टाकत आणि त्यावर तावातावाने उत्तर देणारा नवखा गळाला लागे. खोडी होती, पण द्वेष क्वचितच. स्कँडिनेव्हियन लोककथांतील ट्रोल नावाच्या राक्षसामुळे पुढे कृतीचे नाव कर्त्यालाही चिकटले. २००३ मध्ये सुरू झालेल्या फोरचॅन या संकेतस्थळावर निनावीपणामुळे खोडीची क्रूर करमणूक झाली. वृत्तपत्रांनी तर शब्द सरसकट ऑनलाइन छळासाठी वापरला. जुन्या यूजनेटकरांना हा अर्थ आजही खटकतो.

मराठीत शब्द आला तो या शेवटच्या अर्थाने. ‘अभिनेत्री ट्रोल झाली’ या वाक्यात ट्रोल होणारी व्यक्ती खोडी काढणारी नसून छळ सोसणारी असते. म्हणजे अर्थ जवळजवळ उलटाच. ‘जल्पक’ हा मराठी पर्याय वृत्तपत्रांत दिसतो. न्यायदर्शनात (भारतीय तर्कशास्त्रात) जल्प म्हणजे केवळ जिंकण्यासाठी घातलेला वाद, त्यामुळे तो चपखल वाटतो. बोलण्यात मात्र ट्रोलच चालतो.