अस्वले आणि खरकटे

अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० साली स्थापन झाले. पुढे ५७ वर्षे तेथे अस्वलाने एकही माणूस मारला नव्हता. १२-१३ ऑगस्ट १९६७च्या रात्री मात्र ग्रिझली जातीच्या दोन अस्वलांनी, काही मैलांच्या अंतरावर, दोन तरुणींचा बळी घेतला. असे का व्हावे? एका ठिकाणी विश्रामगृहामागे रोज खरकटे टाकले जाई आणि ते खायला येणारी अस्वले पाहणे ही पर्यटकांची करमणूक होती. दुसरे अस्वलही मुक्कामाच्या जागेवरील अन्नाला सोकावले होते. माणूस दिसला की खाणे मिळते, हा धडा त्यांना आपणच दिला होता. त्यानंतर तेथील कचऱ्याचे नियम कडक झाले. रानात अस्वलावर नजर हवीच. पण त्याआधी आपण आपल्या खरकट्यावर ठेवायला हवी.