भेंडीच्या बहिणीचा कागद

परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या शिवारातून निघा आणि 1797 च्या हिवाळ्यात जपानमधल्या मिनो प्रांतातल्या एका गावात उतरा. नागारा नदीकाठी बोटं बधिर करणारी थंडी आहे. समोर लाकडी हौद, त्यात कोझो म्हणजे कागदी तुतीच्या सालीचे धागे तरंगताहेत. तुम्ही यायच्या आधीच ती साल राखेच्या पाण्यात शिजली, वाहत्या पाण्यात धुतली गेली. तिच्यातला काळा ठिपका न् ठिपका बोटांनी वेचून झाला, मग ती कुटली.

हौदापाशी उभी असलेली आजी आता त्यात एक दाट पाणी ओतते. हात घालून बघा. ते बोटांवरून सहज सुटत नाही, लांब तार धरून ओघळतं. हा बुळबुळीतपणा तुमच्या ओळखीचा आहे. कोपऱ्यात ठेचून भिजत घातलेली मुळं टोरोरो-आओईची आहेत, आणि ती भेंडीची सख्खी बहीण. हिच्या शेतात फुलांच्या दिवसांत आला असतात, तर तेच फिकट पिवळं, गाभ्याशी गडद लाल फूल दिसलं असतं.

या चिकट्यामुळे धागे गुठळ्या होऊन तळाला बसत नाहीत आणि बांबूच्या जाळीतून पाणी सावकाश उतरतं. आजीची चौकट बुडते, वर येते, पुढे-मागे डुलते, उरलेलं पाणी झटक्यात हौदात परत जातं. पुन्हा बुडते. थरावर थर चढतो, धागे एकमेकांत गुंततात. मग ती ओला ताव ओल्या तावावर सरळ पालथा घालते, मध्ये फडकंसुद्धा नाही! तरी दाबून पाणी काढलं की एकेक ताव सुटा निघतो. उबेत हा चिकटा पातळ होतो, म्हणून हे काम ऐन थंडीतलं.

तावांचे गठ्ठे नदीने खाली जातात. त्यांच्यासोबत कुवानाला या. इथे चोएन्-जी मंदिरात गिदो नावाचे भिक्षू अशाच कागदाच्या चौकोनाला चिरा देताहेत. छोटे चौकोन वेगळे होतात, पण कोपऱ्याशी तांदळाच्या दाण्याहून बारीक जोड राहतो. मग प्रत्येकाचा क्रौंच पक्षी घडतो, चोचीला चोच, पंखाला पंख जोडलेला. त्यांच्या अशा 49 रचनांचं पुस्तक याच वर्षी क्योटोत छापलं जातंय. आपल्या वहीचं पान त्या जोडापाशी टर्रकन फाटेल. कोझोचा धागा सेंटीमीटरभर लांब असतो, लाकडाच्या लगद्यातला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

हातकागद आपल्यालाही नवा नाही. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून जवळच्या कागजीपुऱ्यात कागद होतो, असं सांगतात. तो चिंध्या कुटून केलेला, खळ देऊन दगडाने घोटलेला कागद, बोरूने लिहिण्यासाठी.

आता पुन्हा भेंडीकडे वळू. 1986 च्या आधीच्या एका पावसाळ्यात परभणीला, मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या प्लॉटवर या. भेंडीची पानं केवडा रोगाने पिवळी पडताहेत. जांभळे आणि नेरकर हे संशोधक पुसा सावनी भेंडीचा संकर एका रानजातीशी करताहेत. त्यातून परभणी क्रांती हे वाण उभं राहील आणि 1986 मध्ये त्यावरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या हॉर्टसायन्स नियतकालिकात येईल. त्या रानजातीचं त्यांनी नोंदवलेलं नाव आबेलमोस्कस मॅनिहॉट. टोरोरो-आओईचंही शास्त्रीय नाव हेच आहे! मिनोच्या हौदाशी आपलं एवढं जवळचं नातं निघावं, याचा मला फार आनंद वाटतो.

म्हणून पालमच्या शिक्षकांना एक विनंती. हंगाम संपल्यावर भेंडीची झाडं बांधावर पडतात, त्यांची साल सोलून घ्या. अंबाडीचीही चालेल. राखेच्या पाण्यात ती मोठ्यांनीच शिजवावी. धुणं, वेचणं, कुटणं मुलांना द्या. निबर भेंड्या ठेचून रात्रभर थंड पाण्यात ठेवा, सकाळी गाळून तो चिकटा हौदात घाला. चौकटीला मच्छरदाणीची जाळी पुरते. पहिला ताव खरबरीत निघेल, तरी टाकू नका, फाडून त्याची चित्रं चिकटवा. दुसरा, तिसरा अधिक पातळ होईल. येत्या दिवाळीनंतर एका तरी शाळेने हे करून पाहावं.