‘वेडा’, ‘विक्षिप्त’ आणि ‘स्वमग्न’ : अ‍ॅस्परगर लक्षणसमूह आणि दैनंदिन सामाजिक व्यवहाराचा इतिहास (विशेष संदर्भ : मावळ व लोणावळा परिसर)

बीजशब्द : स्वमग्नता, अ‍ॅस्परगर लक्षणसमूह, सामाजिक व्यवहार, मावळ, अपंगत्वविषयक कायदा

प्रस्तावना

सामाजिक इतिहासाच्या लेखनात राजसत्ता, चळवळी व संस्था यांना मोठे स्थान मिळाले आहे. मात्र पारावर एकटा बसणारा, गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असणारा, विचारलेल्या प्रश्नाचे शब्दशः उत्तर देणारा आणि समोरच्याच्या नजरेला नजर न देणारा माणूस इतिहासाच्या साधनांत क्वचितच आढळतो. गावाने त्याला ‘वेडा’, ‘खुळा’, ‘लहरी’ वा ‘विक्षिप्त’ म्हटले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकी काहींसाठी वैद्यकशास्त्राने ‘अ‍ॅस्परगर लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती मागेही घेतली. नावे बदलत गेली; भेटीगाठींतील अवघडलेपण मात्र कायम राहिले. या अवघडलेपणाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) अ‍ॅस्परगर या संज्ञेच्या इतिहासाचा आढावा घेणे. २) मराठी समाजातील दैनंदिन संभाषणाच्या संकेतांचे या व्यक्तींच्या दृष्टीने स्वरूप तपासणे. ३) मावळातील सामाजिक स्थित्यंतराचा या व्यक्तींच्या जीवनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. गतकाळातील कोणत्याही व्यक्तीवर आजचे निदान लादणे इतिहासाच्या शिस्तीला धरून नाही, ही मर्यादा प्रारंभीच मान्य केली आहे.

संज्ञेचा उदय आणि अस्त

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात प्रथम वापरला. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तर १९४४ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्परगर यांनी चार मुलग्यांचे वर्णन केले. उत्तम शब्दसंपत्ती, एखाद्या विषयाचा असाधारण ध्यास आणि समवयस्कांत मिसळण्यातील अडचण ही त्या मुलांची वैशिष्ट्ये होती. तत्पूर्वी १९२६ मध्ये रशियन डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच स्वरूपाची निरीक्षणे जर्मन भाषेत प्रसिद्ध केली होती. परंतु ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ‘अ‍ॅस्परगर सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते वगळून ‘स्वमग्नता वर्णपट’ या व्यापक निदानात समाविष्ट करण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणानेही हाच मार्ग स्वीकारला.

या नावाला एक काळी बाजूही आहे. इतिहासकार हर्विग चेक यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून अ‍ॅस्परगर यांनी नाझी राजवटीशी जुळवून घेतल्याचे आणि काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेकडे पाठविल्याचे पुढे आले. तेथे सुमारे ८०० मुलांचा बळी गेला. ज्यांच्या नावाने अनेकांना आपल्या आयुष्याचा उलगडा झाला, त्यांचाच इतिहास असा निघाला. त्यामुळे काहींनी ही ओळख टाकून दिली, तर काहींनी ती आजही जपली आहे.

मराठी परंपरेतील ‘वेडेपणा’

तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे महानुभाव पंथातील चरित्र या दृष्टीने लक्षणीय आहे. म्हाइंभटांच्या नावे असलेल्या या गद्य चरित्रात गावकरी त्यांना वेडे म्हणतात, त्यांच्या वागण्याने त्रस्तही होतात आणि त्याच वेळी त्यांना आई-बापाच्या ठिकाणी मानतात. येथे निदानाचा प्रश्न गौण आहे. रीत सोडून वागणाऱ्या माणसाला गावात जागा कशी मिळत होती, याचे दर्शन त्यातून घडते.

मात्र या सहिष्णुतेचे उदात्तीकरण करता येणार नाही. ज्याच्या वेगळेपणाला दैवी अर्थ मिळाला तो पूज्य ठरला. ज्याला तो मिळाला नाही, त्याच्या वाट्याला थट्टा, देवऋषी, अंगारे-धुपारे किंवा ‘लग्न झाले की सुधारेल’ हा उपाय आला. त्या लग्नात दुसऱ्या एका जिवाच्या संमतीचा विचार झाला नाही. स्त्रियांच्या बाबतीत अबोलपणा हा ‘शालीनता’ समजला गेल्याने त्यांचे वेगळेपण नजरेआडच राहिले.

संभाषणाचे संकेत आणि शब्दशः अर्थ

अ‍ॅस्परगर लक्षणसमूह असलेल्या अनेक व्यक्तींना भाषा उत्तम येते. अडचण येते ती भाषेमागील न बोललेल्या संकेतांची. मराठी व्यवहारात असे संकेत पावलोपावली आहेत. निरोप घेताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे असते. दुकानदार दुकान ‘वाढवतो’ तेव्हा ते बंद होते; नारळ ‘वाढवला’ म्हणजे फोडला आणि बांगडी ‘वाढवली’ म्हणजे उतरविली वा फुटली. ‘जेवण झाले का?’ हा प्रश्न अनेकदा केवळ विचारपूस असतो आणि ‘या एकदा घरी’ हे निमंत्रण बहुधा तारखेविना असते. चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणणे हाही शिष्टाचाराचाच भाग होय.

जो शब्दाला शब्द म्हणून घेतो, तो ‘जातो’ म्हणून उठतो, ‘नको’ म्हटल्यावर खरोखरच चहा करीत नाही आणि निमंत्रण मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो. घरातील थोरांना ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ म्हणावे, हेही त्याला नियम म्हणून पाठ करावे लागते. त्याचा खरेपणा मग उद्धटपणा ठरतो.

ब्रिटिश अभ्यासक डॅमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ ही संकल्पना मांडली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य असून इतरांनाही त्या व्यक्तीचे मन कळत नाही, असे तिचे सार आहे. ‘येतो’ म्हणून निघून जाणारा आणि ‘जातो’ म्हणणारा यांच्यातील गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो.

मावळातील स्थित्यंतर

आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ हा भातशेतीचा प्रदेश. परंपरागत गावगाड्यात काम जन्माने ठरलेले असे. त्यासाठी मुलाखत द्यावी लागत नसे. माणूस अबोल असला तरी आवणी, कापणी व झोडणी चुकत नसे आणि गाव त्याला नावाने ओळखत असे. ही व्यवस्था जातीच्या बंधनांवर उभी होती, हेही विसरता येत नाही.

१८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि खंडाळा-लोणावळा ही थंड हवेची ठिकाणे मुंबईशी जोडली गेली. रेल्वेने या डोंगराळ मुलखात घड्याळाची शिस्त आणली. नियम, वेळ आणि अचूकता यांना मोल देणारी कामे काही अबोल, काटेकोर स्वभावाच्या माणसांना मानवली असण्याची शक्यता आहे. पुढे २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तळेगाव परिसरात उद्योग वाढले आणि लोणावळ्याचे अर्थकारण पर्यटनावर अधिकाधिक विसंबू लागले.

या बदलाने रोजगाराचे स्वरूप पालटले. हॉटेल, चिक्कीचे दुकान वा विक्रीकेंद्र येथे कामाच्या कौशल्याइतकेच हसतमुख बोलण्याला महत्त्व असते. कारखान्यात शिरण्यापूर्वी मुलाखत द्यावी लागते. पावसाळ्यात भुशी धरणाकडे लोटणारी गर्दी, गाड्यांचे भोंगे आणि मोठ्याने लावलेले संगीत अनेकांना केवळ गैरसोयीचे वाटते. ज्याच्या कानाला प्रत्येक आवाज सारख्याच तीव्रतेने टोचतो, त्याला घराबाहेर पडणेच अवघड होते. पूर्वीच्या गावात जो ‘थोडा वेगळा’ म्हणून खपून गेला असता, तो आज ‘नोकरीस अयोग्य’ ठरतो.

कायदा आणि ओळख

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ समाविष्ट झाला. त्यानुसार ४० टक्के वा अधिक प्रमाण प्रमाणित झाल्यास उच्च शिक्षणात किमान ५ टक्के आणि शासकीय सेवेत किमान ४ टक्के आरक्षणाच्या तरतुदीचा लाभ मागता येतो. सेवेतील ४ टक्क्यांपैकी स्वमग्नतेसह काही प्रकारांसाठी मिळून १ टक्का आहे.

२०१० च्या ‘माय नेम इज खान’ या हिंदी चित्रपटामुळे अ‍ॅस्परगर हा शब्द अनेक घरांत प्रथमच पोहोचला. परंतु अस्खलित बोलणारा, चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी दिव्यांग असू शकतो, हे समाजाला सहज पटत नाही. ‘याला काय झाले आहे?’ हा प्रश्नच त्याच्या मदतीच्या आड येतो. एका बाजूला ‘वेडा’ हा शिक्का आणि दुसऱ्या बाजूला ‘नाटकी’ हा संशय, यांमध्ये अशी व्यक्ती सापडते.

निष्कर्ष

१) अ‍ॅस्परगर ही संज्ञा अधिकृत वर्गीकरणांतून गेली असली, तरी तिने निर्दिष्ट केलेली माणसे व त्यांच्या गरजा शिल्लक आहेत.

२) सामाजिक व्यवहारातील अडचण केवळ व्यक्तीत नसून संकेत गृहीत धरणाऱ्या समाजातही आहे.

३) मावळातील आर्थिक स्थित्यंतराने संभाषणचातुर्याला अर्हतेचे स्थान दिल्याने या व्यक्तींची कोंडी वाढली आहे.

४) तालुक्यातील महाविद्यालये या बदलाची पहिली पायरी ठरू शकतात. तोंडी परीक्षेत प्रश्न स्पष्ट व एकेरी अर्थाचा विचारणे, तो लेखीही देणे, वेळापत्रकातील बदल आधी कळविणे आणि नजर न मिळविणे हा अनादर न समजणे यांसाठी अनुदानाची आवश्यकता नाही.

गोविंदप्रभूंच्या ऋद्धिपूरने वेगळ्या माणसाला जागा दिली ती त्याला देव मानून. आजच्या समाजासमोरील कसोटी अधिक कठीण आहे. त्याला देव न मानता आणि वेडाही न ठरविता, केवळ माणूस म्हणून ती जागा द्यावयाची आहे.