परीक्षा आणि सिंहासन

कन्फ्यूशिअसच्या संप्रदायानें चीन व व्हिएतनाम येथील प्रजेला केवळ आज्ञाधारक बनविलें, असें सामान्यतः मानतात. परंतु तें अर्धेंच खरें आहे. राजाचा अधिकार हा स्वर्गाचा आदेश असून प्रजापीडक राजा तो गमावतो, हें त्याच संप्रदायांतील मेन्शिअसचें मत होतें. या ग्रंथांवर परीक्षा घेऊनच चीनमध्यें अधिकारी निवडीत; व्हिएतनामांत ही परीक्षा १०७५ सालीं सुरू झाली. म्हणजे राजा आपल्या सेवकांच्या हातीं स्वतःला पारखण्याची कसोटीहि देत होता.

व्हिएतनामांतील फान चू त्रिन याचेंच उदाहरण घ्या. १९०१ सालीं तो राजधानीतील परीक्षा उत्तीर्ण झाला. पण फ्रेंचांच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्या दरबाराला विटून त्यानें अधिकारपद सोडलें. पुढें १९२२ सालीं राजा खाइ दिन फ्रान्सला गेला असतां, तेथेंच राहणाऱ्या फाननें पत्र लिहून राजाच्या सात अपराधांचा पाढा वाचला.

चीनमध्यें १९०५ सालीं परीक्षा बंद झाल्या व १९१२ सालीं बादशाही संपली. व्हिएतनामांत शेवटची परीक्षा १९१९ सालीं झाली व १९४५ सालीं राजा बाओ दाइ यानें सिंहासन सोडलें. परीक्षा गेल्या म्हणूनच सिंहासनें गेलीं, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि विद्येच्या आधारावर उभें राहिलेलें राज्य विद्वानांचा विश्वास गमावल्यावर फार काळ टिकत नाहीं, एवढें या इतिहासावरून खास दिसतें.