आयबुप्रोफेन
दाह, वेदना व ताप कमी करणारे स्टेरॉइडेतर औषध. नॉटिंगहॅम (इंग्लंड) येथे बूट्स कंपनीत स्ट्यूअर्ट ॲडम्स व जॉन निकल्सन यांनी ते १९६१ मध्ये शोधले. १९६९ पासून ब्रिटनमध्ये वापरात. सायक्लोऑक्सिजनेज एंझाइमाला अडवून ते प्रोस्टाग्लँडिनांची (पहा : प्रोस्टाग्लँडिने) निर्मिती घटवते. जठराचे अस्तर व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्यांवरच अवलंबून असल्याने जठरव्रण, रक्तस्राव व मूत्रपिंडाला इजा संभवते. प्रौढांची मात्रा २०० ते ४०० मिग्रॅ., शक्यतो जेवणानंतर. वैद्यकीय सल्ल्याविना दिवसाला कमाल १,२०० मिग्रॅ. भारतातील प्रचलित संयुक्त गोळीत ४०० मिग्रॅ. आयबुप्रोफेन व ३२५ मिग्रॅ. पॅरासिटमॉल असते, दोन्ही हिशेबात धरावी लागतात. डेंग्यूच्या शंकेत (पहा : डेंग्यू), जठरव्रणात व गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर टाळतात.